गोड्या पाण्याचे बळी

मालवणात भरड नाक्यावर एखाद्या गाडीचं बॉनेट वर झालं, की मालकाच्या आधी चार जण आत डोकावलेले असतात. त्यातल्या दोघांकडे गाडी नसते. एकाची एसटी समोरून निघून जाते, तरी तो जागचा हलत नाही. रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसत असते आणि निदानाला सुरुवात होते.

"पंखो फिरना नाय, बग."

"पंख्याचा काय नाय. हेड पॅकिंग उडाला. पांढरो धूर बगलंस मां?"

"माझ्या भावाच्या गाडयेक असाच झाला होता. तेना गाडी विकली."

शेवटी गर्दीतलं सगळ्यांत पिकलेलं डोकं समुद्राच्या दिशेला हात करून निकाल देतं, "खारी हवा. दुसरा काय आसतला?"

खारी हवा हा मालवण किनाऱ्यावरचा कायमचा आरोपी. खिडकीचे गज सडले, खारी हवा. फ्रिजच्या दाराला खालून भोक पडलं, खारी हवा. कुलपात किल्ली फिरेना, खारी हवा. मग कुलपात खोबरेल सोडायचं आणि उरलेलं डोक्याला लावायचं. आरोप बऱ्याचदा खराही असतो. इथल्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, त्याच्या काही दिवस आधीच सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पत्रात गंजलेल्या नटबोल्टांचा उल्लेख झाला होता. तेव्हापासून तर गंज हा विषय इथे चहाच्या टपरीवरही कुणी हसण्यावारी नेत नाही.

पण सिलिंडर हेडला पडलेल्या खड्ड्यांच्या प्रकरणात खारी हवा जवळजवळ निर्दोष आहे. गाडीचं पाणी इंजिन, रेडिएटर आणि रबरी नळ्या यांच्यातच फिरत राहतं. झाकण घट्ट असेल तर समुद्रावरचा वारा तिथपर्यंत पोचत नाही. जे काही आत जातं ते मालकाच्या हातानं, तांब्यातांब्यानं जातं. खरा गुन्हेगार परसात असतो, माडाच्या मुळाशी, रहाट लावून.

आधी हेडाविषयी. इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारं हे जाड झाकण. त्यात झडपा, त्यात स्पार्क प्लग, आणि सगळीकडून पाणी खेळवणारे आडवेतिडवे बोगदे. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये पातळ गॅसकेट असतं. त्याला गॅरेजात सगळे 'पॅकिंग' म्हणतात. हेच पॅकिंग एकाच पातळीवर आग, पाणी आणि तेल यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. १९८३ साली आलेली मारुती ८०० आणि तिचं भावंड असलेली ओम्नी यांच्या ब्लॉकला बीड आणि हेडला अ‍ॅल्युमिनियम आहे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण सिंधुदुर्गातल्या गाडीमालकांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही. त्या गाड्या अजून आठवड्याच्या बाजाराला जातात, लग्नाचं सामान वाहतात आणि मे महिन्यात मुंबईकर पाहुणे आले की आठआठ माणसं घेऊन तारकर्लीला जातात. चढावर काटा लाल रेघेला टेकतो. एसी बंद करायचा सल्ला मिळतो. एसी नसतोच.

मेस्त्री हेड उतरवतो. डिझेलनं धुतो, फडक्यानं पुसतो आणि उजेडात धरतो. पाण्याच्या भोकांभोवती, पॅकिंगच्या कडेखाली, पांढरट राखेसारखी पूड आणि तिच्याखाली खड्डे. काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही मुगाच्या दाण्याएवढे. तो अंगठ्याचं नख भोकापासून सिलिंडरच्या कडेकडे सावकाश ओढत नेतो. जिथे नख अडतं तिथे थांबतो, पुन्हा मागे येतो, पुन्हा पुढे जातो. गर्दी श्वास रोखून बघते. मग तो मालकाकडे वळतो.

"तात्यानू, रेडिएटरात खयचा पाणी घालतास?"

"आमच्या बावचा," तात्या छाती काढून सांगतात. "गोडा पाणी आसा. अख्खी वाडी पिता."

इथेच सगळं बिनसलेलं असतं. गोड्या पाण्याचा अभिमान मालवणाला आहे आणि तो असायलाच हवा. १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं. चारी बाजूंनी अरबी समुद्र, तरीही आत दूध बाव, दही बाव आणि साखर बाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. पर्यटकाला होडीतून उतरवल्यावर वाटाड्या पहिल्या दहा मिनिटांत तिथे नेतो, आणि तो आपल्या आजोबांनीच त्या खणल्या असाव्यात अशा थाटात बोलतो. ज्या मुलखात समुद्राच्या पोटात साखर बाव निघते, तिथल्या माणसाला "तुमच्या विहिरीचं पाणी गाडीला चालणार नाही" हे सांगणं म्हणजे त्याच्या कुळाचा उद्धार करण्यासारखं आहे.

अडचण अशी, की पाणी गोडं की खारं हे माणूस जिभेनं ठरवतो. पाण्यात लिटरमागे साधारण अडीचशे मिलिग्रॅम क्लोराइड होईपर्यंत जिभेला फारसा पत्ता लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली इष्ट मर्यादाही २५० मिलिग्रॅमच आहे. कॅटरपिलरसारखी इंजिन कंपनी मात्र कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड नको म्हणते. म्हणजे अख्खी वाडी पिऊन ठणठणीत राहील असं पाणी इंजिनाला पचत नाही. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये देवबागची वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या विहिरींची मे महिन्यातली चव जे पितात त्यांनाच विचारावी. तेच पाणी रोज नव्वद अंशांपर्यंत तापवून अ‍ॅल्युमिनियमवर फिरवायचं, वाफ झालं की वरून तांब्याभर नवीन घालायचं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं मिठाशी आणि आंबटाशी वाकडं आहे, हे कोकणातल्या कुठल्याही घरधनिणीला शाळेत न जाता माहीत असतं. रात्रीचं आमसुलाचं सार अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात राहिलं, तर सकाळी टोपाच्या तळाला बारीक टिचके दिसतात आणि सुनेचा उद्धार होतो. हेडात तेच घडतं, फक्त सासू नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडची एक अतिपातळ कातडी असते, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या हिशेबात मोजावी एवढी. ती शाबूत आहे तोवर धातू सुरक्षित. क्लोराइड तिला एखाद्या जागी भोक पाडतं. एकदा भोक पडलं की आतलं साचलेलं पाणी आम्लधर्मी होतं, ते आणखी क्लोराइड ओढून घेतं आणि खड्डा रुंद होण्याऐवजी खोल होत जातो. शेजारी बिडाचा ब्लॉक, पॅकिंगची पोलादी कडी, जुन्या गाडीत तांब्या-पितळेचा रेडिएटर. अशा जातीजातींच्या धातूंना एकाच खारट पाण्यात बसवलं की त्यांच्यात वीज वाहू लागते आणि पंगतीतल्या सगळ्यांत गरीब धातूला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला, बिल भरावं लागतं.

यावर इलाज जुना आहे आणि दुकानात मिळतो: कूलंट. पण मालवणात कूलंटविरुद्ध एक बिनतोड युक्तिवाद आहे. डब्यावर 'अँटीफ्रीझ' लिहिलेलं असतं. "हयसर बर्फ खय पडता?" युक्तिवाद संपला. डब्यातलं ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही, हे खरं. पण या हवेत त्या डब्याची खरी किंमत त्यात मिसळलेल्या गंजरोधकांची असते. ते धातूची कातडी सांभाळतात. तेही कायमचे नसतात. कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत बदललं नाही, तर ते संपतात आणि जुनं ग्लायकॉल स्वतःच आंबतं. हिरवा रंग तसाच राहतो, म्हणून मालक निर्धास्त.

गंमत म्हणजे याच मालकाच्या घरात इन्व्हर्टर असतो. पावसाळ्यात वीज जाणार हे कोकणात गृहीत धरलेलं असतं. त्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी तो दुकानातून खास 'बॅटरीचं पाणी' विकत आणतो. विहिरीचं पाणी बॅटरीत घातलं तर बॅटरी मरेल, ही गोष्ट त्याला तोंडपाठ असते. तोच कॅन कूलंटमध्ये मिसळायला उत्तम, हे सांगितलं की तो संशयानं बघतो.

आता किनाऱ्यावर या. दांडीच्या वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या असतात, त्यांच्या मागे आउटबोर्ड इंजिनं लटकलेली. ही इंजिनं दिवसभर शुद्ध समुद्र पितात. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास. कॅटरपिलरच्या साहेबानं हा आकडा बघितला तर त्याला घाम फुटेल. रबरी पंख्याचा पंप खालून पाणी ओढतो, ते इंजिनभर फिरतं आणि मागून धार धरून बाहेर पडतं. यांचाही ब्लॉक आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचंच. तरीही नीट सांभाळलेलं आउटबोर्ड वर्षानुवर्षं चालतं, आणि साखरेसारखं पाणी पिणारी ओम्नी मात्र डोकं उघडून पडते.

आउटबोर्डचं रहस्य दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे जस्ताचे तुकडे. ते इंजिनाला बाहेरून आणि आतूनही लावलेले असतात, आणि अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्वतः झिजतात. ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानं १८२४ मध्ये सुचवली. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना तळाला तांब्याचा पत्रा असे, तो समुद्रात झिजू नये म्हणून डेव्हीनं त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणारं तांबंच शिंपल्यांना विष घालत होतं, हे तोवर लक्षात आलं नव्हतं. जहाजांचे तळ शिंपल्यांनी आणि शेवाळानं भरले, वेग मंदावला, आणि आरमारानं डेव्हीचे तुकडे काढून टाकले. त्याआधी, १७६१ साली 'अलार्म' या जहाजाला पहिल्यांदा तांब्याचा पत्रा ठोकला होता, तोही लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी बघतात तर बरेच खिळे गळून गेलेले. काही मात्र जसेच्या तसे. तांब्याच्या पत्र्याला कारखान्यातून जो खाकी कागद गुंडाळून आला होता, तो ठोकणाऱ्यानं काही ठिकाणी काढायचा कंटाळा केला होता; तिथे तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलंच नाही. कामचुकारपणानं धातुशास्त्राला एवढी मदत क्वचितच केली असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवस संपला की इंजिन गोड्या पाण्यानं आतून धुणं. इथे तीच बाव खरोखर औषध ठरते. समुद्राचं मीठ धुऊन काढायला तात्यांचं पाणी एक नंबर. ते आत राहायला बसत नाही, वाहून जातं. हौस मात्र आड येते. हंगामाआधी इंजिनाला रंग देताना उत्साही पोरगा जस्ताच्या तुकड्यावरही झकास निळा हात फिरवतो. रंगवलेलं जस्त झिजत नाही. मग झिजतं ते इंजिन. "मेल्या, जस्ताक रंग कित्याक फासलंस?" ही हाक दर ऑगस्टमध्ये कुठल्यातरी मांगराबाहेर ऐकू येते.

खड्डे पडल्यावर काय करायचं याबद्दल किनाऱ्यावर चार संप्रदाय आहेत.

पहिला एमसीलवाल्यांचा. घरातली गळकी टाकी, पन्हळ, होडीची फट, सगळं याच पिवळ्या-काळ्या गोळ्यांनी सावरलेलं असतं, मग हेडानं काय घोडं मारलंय? याचीच शिकलेली शाखा अ‍ॅल्युमिनियमची पूड असलेली इपॉक्सी वापरते. ती अगदीच खोटी नाही. खड्डा पाण्याच्या भोकाशी असेल, सिलिंडरच्या कडीपासून लांब असेल, आतला धातू चकचकीत होईपर्यंत कोरून काढला असेल आणि भरल्यावर पातळी नीट घासली असेल, तर असं हेड चालताना दिसतं. कडीच्या जवळ, जिथे जळता वायू दाबानं धडका देतो, तिथे मात्र इपॉक्सी भाजून निघते आणि मालक दुसऱ्यांदा पॅकिंग विकत घेतो.

दुसरा संप्रदाय काचेवाल्यांचा. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा, थोडं डिझेल सोडायचं आणि हेड आठाच्या आकड्यात घासत बसायचं. हे काम बहुधा शिकाऊ पोराकडे येतं. पोरगा चिडलेला असला की एका बाजूला जास्त घासलं जातं. हलके डाग जातात, हेही खरं. मुगाएवढा खड्डा जात नाही.

तिसरे फेसिंगवाले. हेड मशीनवर चढवून खालचा थर छिलून काढायचा. हे योग्य काम आहे, पण त्याला मर्यादा आहे. बऱ्याच मोटारगाड्यांच्या हेडाला सपाटीत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच वाक चालतो. सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेजची पाती सरकवून तो मोजतात. फेसिंगमध्ये मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा जातो. खड्डा अर्धा मिलिमीटर खोल असेल आणि तो संपेपर्यंत छिलत राहिलं, तर वरची जागा कमी होऊन दाब वाढतो, इंजिन ठोका देऊ लागतं, डिझेलमध्ये झडप पिस्टनला भेटायला येऊ शकते. खड्डा म्हटलं की कोकणी माणसाला मुंबई-गोवा महामार्ग आठवतो आणि खोलीबद्दल त्याची कल्पना फारच उदार होते. हेडाच्या खड्ड्याला मात्र तेवढी खोली लागत नाही, नुकसान तेवढंच होतं.

चौथा संप्रदाय आर्गॉन वेल्डिंगचा, आणि खोल खड्ड्यांसाठी खरा इलाज हाच. कुडाळ-कणकवलीकडे जमलं तर ठीक, नाहीतर हेड फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातं. जाताना ते बहुधा हापूसच्या रिकाम्या पेटीत, गवताच्या गादीवर पहुडलेलं असतं. एसटीतला शेजारी वास घेऊन विचारतो, "आंबे काय हो?" वास डिझेलचा असतो.

उद्यमनगरातला वेल्डर पहिलं काम करतो ते मोठं करण्याचं. कार्बाइडच्या बारीक फिरकीनं तो खड्डा आणखी खोदतो, कडेचा सगळा पांढरा सडका धातू निघून चांदीसारखा रंग दिसेपर्यंत. मालक सोबत आला असेल तर त्याचा जीव वरखाली होतो. जुने आठ खड्डे घेऊन आला होता, आता आठ विहिरी झाल्या. मग हेड तापवायचं, कारण थंड हेडावर वेल्डिंग केलं तर ते भेगाळतं. आणि इथे अ‍ॅल्युमिनियमची खोड समजते. लोखंड वितळण्याआधी लाल होऊन बजावतं. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही. ६६० अंशांच्या आसपास ते एकदम खाली बसतं. वरची ऑक्साइडची कातडी मात्र दोन हजार अंशांपर्यंत दाद देत नाही. म्हणून हे वेल्डिंग उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर करतात. एका वळणात कातडी फाटते, दुसऱ्यात धातू वितळतो. सिलिकॉन मिसळलेली अ‍ॅल्युमिनियमची सळई थेंबाथेंबानं खड्ड्यात उतरते. वर्षानुवर्षं तेल-पाणी प्यालेल्या ओतीव धातूतून काळा मळ बुडबुडत वर येतो, की थांबायचं, कोरायचं, पुन्हा भरायचं. झाल्यावर हेड गुंडाळून सावकाश थंड होऊ द्यायचं. मग फेसिंग, झडपा बसवून घासणं आणि शेवटी पाण्याची तोंडं बंद करून, आत हवा भरून, गरम पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं. एकही आला नाही की हेड पास.

एवढी कलाकुसर करून आलेलं हेड गावात परत आल्यावर काय होतं? अंगातल्या ताकदीनं आवळलं जातं. कंपनीनं बोल्टांचा क्रम दिलेला असतो: मधल्यापासून सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचवर आकडा बघत. पण नाक्यावर टॉर्क रेंच म्हणजे लांब पाइप घातलेला पाना आणि तोंडातून निघणारा "हूंऽ". अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. एक बोल्ट कच्चा आणि शेजारचा करकचून, तर हेड पुन्हा वाकायला मोकळं. चांगला मेस्त्री ओळखायची खूण हीच: तो टॉर्क रेंच कुणाला उसना देत नाही, आणि पॅकिंगवर सिलंटची ट्यूब पिळायला आलेल्या हितचिंतकाचा हात धरतो.

तोच मेस्त्री दुरुस्ती करायची नाही तेव्हा तसं सांगतोही. खड्डा पॅकिंगच्या कडीखाली घुसून सिलिंडरच्या तोंडापर्यंत गेला असेल, किंवा दोन झडपांच्या मध्ये भेग दिसत असेल, तर वेल्डिंगवर पैसे घालण्यापेक्षा दुसरं हेड बघावं. पाण्याच्या भोकाभोवतीचे खड्डे आर्गॉननं भरून निघतात. दोन्ही बाबतीत रेडिएटर आणि नळ्या धुऊन, कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं घालायचं.

होडीवाल्यांसाठी एक सूचना. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, किल्ल्याची होडी आणि पर्यटकांची जलक्रीडाही मेअखेरीस थांबते. खारं पाणी आत तसंच ठेवून इंजिन मांगरात उभं केलं, तर सगळे खड्डे त्याच महिन्यांत पडतात. म्हणून आधी धुऊन ठेवा. आणि हेड कोल्हापूरला पाठवायचंच असेल तर जूनमध्ये पाठवा. नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्या किनाऱ्याला एकाच दिवशी इंजिन हवं असतं, आणि त्या आठवड्यात मेस्त्री फोन उचलत नाहीत.